प्रतिवादीचा डबा

वत्सलाबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि प्रतिवादीच्या मांडीवर ठेवला.

"भाकर आणि मेथी आहे. तिखट कमी घातलंय, तुझ्या पित्तामुळं."

प्रतिवादी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ दत्तू. तारखेला तो दिंडोरीहून पहिल्या एसटीने नाशिकला यायचा आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बहिणीशेजारीच बसायचा. वडिलांच्या द्राक्षमळ्यात वाटा मिळावा म्हणून बहिणीने त्याच्यावर दावा लावला होता. त्याला दोन वर्षं होत आली होती.

"वाटा बी मागायचा, नि डबा बी आणायचा," दत्तूमामा झाकण उघडत म्हणाला. "लय अवघड बाई हेस तू, अक्का."

"वाटा कोर्टात. भूक कोर्टात जात नाही. खा गुमान."

मामाने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी तिच्याकडे सरकवली. "पहिला माल हे यंदाचा. एक्स्पोर्टचा, बरं का. वादीला फुकट."

दोघंही हसली. वत्सलाबाईंच्या मुलीला, संध्याला, हसू आलं नाही. टाकळकर वकिलांनी तिला खुणेनं खांबापाशी बोलावलं होतं.

"ताई, जज्जसाहेबांच्या दारात हे बरं दिसतं का? पलीकडच्या पक्षकाराशी थेट बोलणं नको. काय असेल ते माझ्यामार्फत."

"सांगते आईला," संध्या म्हणाली.

वकील तिनेच शोधले होते. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. मुलींच्या हक्कांवरचं जे हाती येईल ते वाचायची, पेन्सिलीने खुणा करायची. गंगापूर रोडवरच्या ऑफिसात वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "आजी, दावा लावायची तुमची इच्छा आहे ना?" आई पंख्याकडे बघत राहिली होती.

"आहे," संध्या म्हणाली होती.

पुकारा झाला. गुडघ्यांमुळे आईला बाकावरून उठवत नसे. मामाने हात पुढे केला, तो धरून ती उठली आणि वादी-प्रतिवादी बरोबरच आत गेले. पाच मिनिटांत बाहेर आले. पुढची तारीख एप्रिलची मिळाली. डबा मामाकडेच राहिला. रिक्षात आई पिशवीतली द्राक्षं एकेक करून खात होती. "गोडी उतरली आहे यंदा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवार निवडता निवडता ती भिंतीला टेकली. सूप कलंडलं. संध्या स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

शेजारच्या कमळाबाईंनी विचारलं, "माहेरी कळवलं का? माहेरचं पातळ आल्याशिवाय नेऊ नका गं तिला."

संध्याने फोन उचलला. मळ्यावरच्या नंबरचे चार आकडे फिरवले. काय असेल ते माझ्यामार्फत, असं वकील म्हणाले होते, हे तिने स्वतःला ऐकवलं. रिसीव्हर बराच वेळ हातात होता. मग तिने तो जागेवर ठेवला. तिचा नवरा मनोज मेन रोडवर जाऊन एक पातळ घेऊन आला.

"माहेरचं आलं का?" कमळाबाईंनी विचारलं.

"आलं," संध्या म्हणाली.

एप्रिलमध्ये ती एकटीच कोर्टात गेली. वकिलांनी कागद पुढे केला. "नव्वद दिवसांच्या आत वारस म्हणून नाव लागलं नाही, तर दावा तिथंच संपतो. तुम्ही एकुलत्या, दुसऱ्या कुणाच्या सहीचा प्रश्न नाही. आईंची इच्छा होती, ती पुरी करायची. इथं करा सही."

तिने पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवायला बाकावर बसली, तर दुसऱ्या टोकाला मामा होता. दाढी वाढलेली, मांडीवर कापडी पिशवी. मधली जागा आईची होती. ती दोघांनीही सोडली होती.

"रद्दी आणली होती, पेट्यांत घालाया," तो समोर बघत म्हणाला. "घडी मोडली, तर अक्काचा फोटो. तारीख बघितली. दहावा होऊन गेल्ता."

संध्याने मांडीवरचा कागद सरळ केला.

"डबा हे तुमचा." त्याने पिशवी मधल्या जागेवर ठेवली. डबा जड होता, बेदाण्यांनी भरलेला. त्याच्याखालचं मोतिया रंगाचं पातळ त्याने काढून वर ठेवलं, दुकानातल्या टाचण्या अजून तशाच. "हे बी आणलं. आता कुठं नेसवायचं ते तू सांग. तू शिकलेली हेस."

"ताई," वकील वाकून हळू म्हणाले, "बोलू नका. सही करा, पुकारा होईल आता."

आणि झालाच. दारातून शिपायाने आईचं नाव पुकारलं, पाठोपाठ मामाचं. मामा उठला. उठता उठता त्याचा हात सवयीने शेजारी पुढे झाला. तो पातळाच्या वर तसाच थांबला.

शिपायाने आईचं नाव पुन्हा घेतलं.

संध्याच्या हातातलं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका पसरत चालला होता.

"तिला वाटा नको होता, मामा," ती म्हणाली. व्हरांड्यातल्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. "मला हवा होता. तिला मी विचारलंसुद्धा नाही."