झाकण वाजलं नाही ते तीन महिने

खण्! कोंड्याच्या पिंपाचं झाकण वाजलं, की काटेरी कुंपणाआतली शांतता मोडायची. तो आवाज माझ्या फार आवडीचा होता.

मित्रांनो, मी ट्रॅक्टरचा एक जुना टायर आहे. दहा वर्षं शेतं तुडवली, मग फाटलो. वामे नावाच्या पोरीच्या वडिलांनी मला कापलं, दोर लावून आतलं बाहेर केलं, आणि मी गव्हाण झालो. पुढे ते दूर खाणीत कामाला गेले. मी इथेच राहिलो, वामे आणि मा-वामेपाशी. मा-वामे म्हणजे वामेची आई. इकडे आईला लेकराच्या नावानेच हाक मारतात.

मा-वामेची स्वतःची गाय नव्हती. गावातल्या टिरोमामांनी आपली ठिपकी तिला सांभाळायला दिली. इथली रीतच तशी. दूध सांभाळणाऱ्याचं, आणि दुसऱ्या वेताचं वासरूही त्याचं. ठिपकी दुसऱ्यांदा गाभण राहिली, तेव्हा मा-वामेने मला चक्क पाण्याने धुतलं. घरातलं पहिलं स्वतःचं जनावर येणार होतं!

मग पाऊस गेला, गवत गेलं, ठिपकीचं दूध आटलं. पिंपात कोंडा होता, शेंगांच्या चुऱ्याची दोन पोतीही होती. पण मा-वामे म्हणाली, "गाय मामांची. माझा कोंडा मी माझ्या वासराला घालीन." त्यात लबाडी नव्हती हो. बाळाची झबली आधीच शिवून ठेवावीत, तसं ती सगळं जपून ठेवत होती.

ठिपकी विण्याआधीचे शेवटचे तीन महिने झाकण वाजलं नाही. ठिपकी रोज संध्याकाळी यायची, माझं कोरडं रबर कडेकडेने चाटायची. मग माझ्यावर हनुवटी टेकून उभी राहायची. तिच्या पोटातली हालचाल मला कळायची. द्यायला मात्र माझ्यात काहीच नसायचं.

कालवड झाली ती एवढीशी. उभी राहायला तिला अर्धा दिवस लागला. चीकही थोडाच निघाला.

टिरोमामा बघायला आले. "मा-वामे, कालवड म्हणून ससा दिला की काय ठिपकीने?"

"हसा, मामा, हसा! दोन पोती राखून ठेवलीत मी. पाऊस सरला की बघा."

कालवड कोंडा खाऊ लागली. खण्! रोज झाकण वाजायचं, मी काठोकाठ भरायचो. ती मन लावून खायची. पण शेजारची वासरं आईच्या खांद्याला लागली, तरी ही अजून पोटाखालूनच जायची.

पाऊस सरला. मामा ठरल्याप्रमाणे ठिपकीला परत न्यायला आले. कालवडीकडे बघून या वेळी हसले नाहीत. "पोरी, ही पोटात होती तेव्हा का नाही घातलंस गं?"

"गाय तुमची होती, मामा."

मामांनी दोर सोडला. जाताना ठिपकीने मला एकदा चाटलं. त्यानंतर तशी जीभ मला लागली नाही.

मित्रांनो, गाभण जनावराची गव्हाण कोरडी ठेवू नका. नंतर ओतलेलं पोतं मागच्या दिवसांपर्यंत पोचत नाही. मी रिकामा पडून हे शिकलो.

आज सकाळी मा-वामे पिंप झाडत होती. माझ्यापाशी कालवड एकटीच उभी होती, आणि वामे तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आई, गाय मामांची होती ना? मग पोटात असताना ही कुणाची होती?"

झाकण मा-वामेच्या हातातच राहिलं.