होळीच्या आधीचा फोटो

गिऱ्हाइकाने मला माझं काम शिकवलेलं खपत नाही. अब्बा म्हणतात, "शिरीन, तुझ्या तोंडापायी एक दिवस स्टुडिओला कुलूप लागेल." लागू दे. कॉम्प्युटरवर फोटो छापून देणारे जव्हारात आहेत किती?

त्या दिवशी भिका मुकादम आला तोच मुळी गुर्मीत. सूर्यमाळकडची पोरं दिवाळीनंतर खाडीवर रेती काढायला नेतो, तो हा. हातात रेतीवाल्या मालकाच्या पोराचा कॅमेरा आणि मागे त्याच्याच पाड्यावरची कमूमावशी. तिचा मुकेश भिकाबरोबर गेला होता. शिमग्याला सगळी पोरं घरी आली, हा एकटा आला नाही. चैत्र लागला तरी पत्ता नाही म्हणून मावशीने पोलिसांत जायची भाषा केली होती.

"डोकं खाल्लंय हिने, ताई," भिका म्हणाला. "पोरगा धडधाकट आहे. दुसऱ्या खाडीवर काम जास्त, म्हणून राहिला. आठ दिवस नाही झाले हा फोटो काढून. मोठा करून दे, म्हणजे हिची टकळी बंद होईल."

मावशीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावरच्या मुलावरून ती बोट फिरवत होती. "माझा पोसा," मला म्हणाली. "शिमग्याला नाय आला, बाय, पण बायकोला बांगड्या धाडल्या त्यानं. हिरव्या. मीना हातातून काढत नाय, भात कांडतानाही नाय."

मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. मुकेश होडीच्या काठावर उभा होता, ओलाचिंब, हातात बादली, दात काढून हसत. बुडी मारायची, तळाची रेती बादलीत भरायची आणि वर यायचं, असं ते काम. पोरगा विशीचा असेल नसेल.

"त्यावर तारीख टाक," मावशी म्हणाली. "मीना म्हणं, भिकादादा जुनाच फोटो दाखवंल."

"टाक की. मागच्या सोमवारची टाक," भिका म्हणाला.

"मी कशाला टाकू? कॅमेराच सांगेल."

लोकांना वाटतं फोटो म्हणजे नुसतं चित्र. अहो, कॅमेरा त्या चित्राच्या पोटात काय काय लिहून ठेवतो! कोणता दिवस, किती वाजले, फ्लॅश उडाला की नाही. फोटो बघताना ते दिसत नाही, कॉम्प्युटरला विचारावं लागतं. मी विचारलं. तेरा डिसेंबर.

"भिकादादा, हा तर डिसेंबरचा."

भिका हसला. "त्या डबड्याचं घड्याळ बिघडलंय. सेल काढला की तारीख पळते."

यात खोटं काही नाही. असे गंडलेले कॅमेरे माझ्याकडे कितीतरी येतात. मी गप्प बसलेही असते. पण त्याने वर ऐकवलं, "बायकांनी मशीनच्या नादी लागू नये." माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

तारीख चुकते, मान्य. पण कॅमेरा फोटोंना ओळीने नंबर देतो आणि त्यासाठी त्याला घड्याळ लागत नाही. मागच्या सोमवारचा फोटो शेवटी असायला हवा. हा तर अगदी सुरुवातीला होता. मी पुढचे फोटो एकेक करून पडद्यावर आणायला लागले. खाडी. मालकाची गाडी. मग पडदाभर आग.

"आमची होळी!" मावशी उठलीच. "मालकाचा पोसा बघायला आला होता ना! ही मी. अन् ही बघ मीना, बांगड्या दाखवते."

मीना दोन्ही हात वर करून हसत होती.

"पुरे झालं," भिका म्हणाला. "कार्ड दे."

मला त्याचं खोटं पकडायचं होतं. बाजूला कोण उभं आहे, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. माझा हात थांबला. मावशीने मात्र पडद्यावरची नजर काढली नव्हती.

"मागं ने, बाय."

मी मागे नेलं. होळी, गाडी, खाडी, मुकेश.

"आता पुढं."

मुकेश, खाडी, गाडी, होळी.

"म्हंजे हा होळीच्या आधीचा."

"हो, मावशी."

"होळीच्या नंतरचा त्याचा एकही नाय?"

मी शेवटपर्यंत जाऊन बघितलं आणि परत होळीवर आले. "नाही."

ती भिकाकडे वळली. "माझा पोसा कुठं आहे, भिका?"

भिका दाराकडे निघाला, तर दारात अब्बा. भिका भिंतीला टेकून खालीच बसला. "बुडी मारली तो वर आलाच नाय. फोटो काढला त्याच दिशी. आम्ही लय हुडकला गं. मालक म्हणाला, तोंड उघडलंस तर तूच आत जाशील."

"मेल्या, तुझ्या जिभेला हाड आहे का?" मी ओरडले. "सणाला तिच्या दारात बसून जेवला असशील तू!"

मावशीने माझ्या दंडाला हात लावला. अब्बा पोलिसांना फोन लावायला आत गेले.

"मंग बांगड्या?" तिने विचारलं.

भिका मान वर करेना. "मीच घेतल्या. मीना रस्त्याला उभी राहून विचारायची. काय सांगू तिला?"

मावशी रडली नाही. मलाच रडू येत होतं आणि ते तिच्यासमोर बरं दिसलं नसतं म्हणून मी स्क्रीनकडे तोंड केलं. तिथे मीना अजून हात वर करून हसत होती. मी घाईने मुकेशचा फोटो परत लावला.

"फोटो छाप, बाय," ती म्हणाली. "तारीख टाक. डिसेंबरचीच टाक. नायतर मीना माझं ऐकायची नाय."

"मावशी, आज राहू दे."

"टाक. शिमग्याला बांगड्या मीच भरल्या तिच्या हातात. आज जाऊन मीच फोडायच्या."