बिनआंब्याची उगादी

मले राग लवकर येते, हे अख्ख्या गावाले माहीत हाय. पन त्या दिवशी राग गिळून बसावं लागलं, कारन समोर व्याही होता.

पोचूभाऊ म्हनजे आमच्या सुनेचा बाप. सिरोंच्याकडचा तेलुगू मानूस. पोरीनं आमच्या लोकेशशी, गोंडाच्या पोराशी, लगन केलं तवापासून तो आमच्या उंबरठ्याले शिवला नव्हता. यंदा उगादीले, म्हनजे त्यायच्या पाडव्याले, स्वतःहून आला. सून रंजीता सकाळपासून नुसती भिरभिरत होती. बापाले ती नाना म्हनते. ''आई, नाना आज माझ्या हातचं जेवले म्हनजे जिंकली मी,'' म्हने.

त्यायच्यात उगादीले आधी पच्चडी, मंग जेवन. कडू, गोड, आंबट, खारट, तिखट, तुरट, सारं एका वाटीत. कडुलिंबाची फुलं, गूळ, चिंचेचं पानी अन् कच्चा आंबा. पच्चडी नाई तर घासबी नाई. आंबे तर व्याह्यानं आपल्याच झाडाचे पिशवीभर आनले होते.

अन् आमचं पंडुम झालं नव्हतं! नवा आंबा गावपुजारी आधी देवाले दाखवते, मंग गाव खाते. त्याच्या आधी कोन्या घरात आंबा चिरत नाई.

मी पिशवीकडं पाह्यलं, सुनेकडं पाह्यलं. पाहुना हाय, एक डाव चालते, असं म्हनायले तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तीच बोलली.

''नाना, हे आंबे राहू द्या. पंडुमाआधी आमच्यात चालत नाई.''

''आमच्यात?'' पोचूभाऊचा चेहराच उतरला. ''बापाचा आंबा नाई चालत तुले? मंग मी चाललो.'' अन् चप्पल शोधू लागला.

अवो, मले रडूच आलं. पोरीच्या कौतुकानं आलं का भीतीनं, देवाले माहीत.

रंजीता काई रडली नाई. ''बसा नाना. आंबटच पाह्यजे ना? आनते.'' तिनं लोकेशले परसातल्या आंब्यावर चढवलं. त्यानं फळाले हात नाई लावला. तांबड्या मुंग्यायचं पानायचं घरटं तेवढं तोडून आनलं. त्या मुंग्यायची चटनी आमी आवडीनं खातो, कैरीच्या तोंडात मारन इतकी आंबट. पन गुळात? कडुलिंबाच्या फुलात?

''काऊन सत्यानास करून राह्यली वो!'' मी वरडली. आयकते कोन? मिठासंग मुंग्या पाट्यावर वाटल्या, पच्चडीत कालवल्या अन् वाटी बापापुढं ठेवली.

''नाना, यात मुंग्या हायेत. आमच्या आंब्यावरच्या. खोटं सांगत नाई.''

पोचूभाऊनं वाटी जवळ ओढली. बोट बुडवून चाटलं. मंग वाटीच तोंडाले लावली.

''लहानपनापासून असलीच उचापतखोर,'' तो मले सांगू लागला. ''एकडाव चिंचेच्या सारात करवंदं टाकली हिनं. मायनं धोपटली. मी मात्र दोनदा घेतलं.''

मंग उठून आंब्याची पिशवी त्यानं स्वतःच खुंटीले टांगली. ''पंडुम कधी हाय, कलाबाई? माझे आंबेबी ठेवा देवापुढं. मी येतो.''

रंजीता परसात पळाली. मी मागं गेली, तर पदरात तोंड खुपसून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यानंबी राहवलं नाई.

''रड बाई, पन लवकर रडून घे,'' म्हनलं. ''तुहा बाप भात मागून राह्यला.''