खालच्या घराची तुळई

वरच्या घराच्या चुलीवर ओकच्या तुळईत १६१८ हा आकडा कोरलेला होता, आणि तो एलुनेडच्या डोळ्यांत बावीस वर्षं खुपत होता.

अंगण एकच, घरं दोन, कोपऱ्याला कोपरा लावून. मेरियोनिथच्या डोंगरात भावाभावांसाठी अशीच बांधत. वरच्या ऐसपैस घरात थोरला भाऊ आणि त्याची बायको केइन्वेन. खालच्यात धाकटा इड्वल आणि आपली एलुनेड. घरं जमीनदाराच्या इस्टेटीची, भाऊ तिची कुळं. पण चॅपेलला पाहुणा प्रवचनकार आला की चहाला वरच्या घरी! केक एलुनेडनं भाजायचा आणि कौतुक व्हायचं जाऊबाईंच्या तुळईचं. जळफळाट होणार नाही तर काय?

त्यात वसंतात इस्टेटीच्या कारभाऱ्यांचं पत्र आलं. दोन्हींत जे घर जास्त जुनं ठरेल त्याचं छप्पर इस्टेट नवं करणार. दुसऱ्याचा गोठा होणार आणि तिथल्या माणसांना गावात खोली मिळणार. पाहणी गुरुवारी.

"गोठा!" एलुनेड कडाडली. "माझ्या स्वयंपाकघरात तिच्या गाई रवंथ करणार!"

"अगं, आधी बघू तर दे त्यांना," इड्वल म्हणाला.

"बघायला आहे काय आपल्याकडे? आकडा तिच्याकडे आहे!"

बुधवारी इड्वल मेंढ्या घेऊन बाजाराला गेला. एलुनेडनं दाराला कडी घातली, त्याची पटाशी काढली आणि आपल्या चुलीवरच्या तुळईत १५९८ कोरलं. जावेपेक्षा वीस वर्षं जास्त पुरे, उगीच हावरटपणा नको. काजळीत डुकराची चरबी कालवून तिनं खाचा भरल्या. बोटं सोलवटली होती, पण बावीस वर्षांत इतकं गार तिला कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी कारभाऱ्यांबरोबर टेगिड नावाचा जुन्या घरांचा जाणकार आला. वरचं घर पाहून त्यानं मान डोलावली. "सोळाशे अठरा. बरोबर आहे." केइन्वेन गालात हसली. मग सगळे खाली आले. टेगिड बॅटरी घेऊन थेट माळ्यावर चढला तो बराच वेळ उतरेना. उतरला तेव्हा हात काळे आणि चेहरा उजळलेला.

"बाई, छपराची लाकडं पाहिलीत कधी? धुरानं काळीठिक्कर! हे घर बांधलं तेव्हा धुराडंच नव्हतं. जमिनीवर मधोमध जाळ, आणि धूर छपरात. पंधराशेच्याही आधीचं आहे हे. वरचं घर याच्यापुढे कालचं पोर!"

एलुनेडनं आधी जावेचं तोंड पाहिलं. ते पडलं होतं. अहाहा!

"ही चूल, तिच्यावरची तुळई आणि धुराडं मात्र दीडशे वर्षांनी, सोळाशे पन्नासच्या सुमारास बसवलेलं..." बोलता बोलता टेगिड थांबला. समोर १५९८. त्यानं आकड्यावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला आणि खाली कोरं पांढरं लाकूड दिसलं.

"हे कुणी केलं?" कारभाऱ्यांनी विचारलं.

इड्वलनं बायकोच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. कारभाऱ्यांनीही.

"करारात काय लिहिलंय? इस्टेटीच्या लाकडात विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. घर आम्ही राखू, बाई. पण तुमच्या हाती नाही ठेवणार. थोरले इथे राहतील, गोठा वरच्या घराचा होईल."

"कळसा काखेतच होता गं," इड्वल हळूच म्हणाला, "आणि तू सगळ्या गावाला वळसा घालून आलीस." तो बाहेर गेला. कारभारी आणि टेगिडही गेले. केइन्वेन तेवढी थांबली.

"सासरे जाताना मला सांगून गेले होते," ती म्हणाली. "मूळ घर खालचंच. म्हणून तर मी पाहुण्यांना धावत वर न्यायची, तुझ्या माळ्यावर कुणी चढू नये म्हणून. बावीस वर्षं जळले गं तुझ्यावर."

"मग बोलली का नाहीस, मेले?" एलुनेडला रडू फुटलं.

"तुला सुखानं राहू दिलं असतं होय मी?" केइन्वेन म्हणाली, आणि पडद्यांसाठी एलुनेडच्या खिडकीची रुंदी वितीनं मोजू लागली.