चार वजा

घरातले सगळे त्याला कारखाना म्हणत. धुण्याच्या मशीनशेजारच्या कपाटात, जिथे एरवी बादल्या आणि झाडू ठेवले असते, तिथे तिने कुठल्या कुठल्या ऑफिसांनी भंगारात काढलेले तीन छोटे कॉम्प्युटर मांडले होते. तळाशी, वीज गेली तर पंधरा मिनिटं तग धरणारी बॅटरी, वर वायरींचा गुंता, आणि आतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून नवऱ्याने कपाटाच्या दाराला ड्रिलने पाडून दिलेली बारा भोकं. घरातले फोटो, किराण्याची यादी, सासऱ्यांची जुनी गाणी, सगळं या कपाटातून चालायचं.

“एवढ्या कंपन्या हे सगळं फुकट सांभाळतात,” नवरा म्हणायचा. “तुला काय हौस?”

“तिथे आत काय चाललंय ते मला दिसत नाही. इथे दिसतं,” ती म्हणायची.

दिवसा ती एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. मोठमोठ्या गोदामांत कुठला माल कुठल्या फळीवर आहे हे सांगणारं ते सॉफ्टवेअर. अकरा वर्षं त्यात काढली, पण एकही गोदाम तिने आतून पाहिलं नव्हतं. रोज कामाच्या चिठ्ठ्या यायच्या. हे बदला, ते काढा. बदललं की चिठ्ठी बंद. पुढे त्याने कोणाचं भलं झालं की वाटोळं, हे काही तिच्या कानावर यायचं नाही.

एका शनिवारी तिने कारखाना आवरायला काढला. गॅलरीत काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डबीत एक सेन्सर टांगलेला होता. तो हवेतला दमटपणा मोजायचा आणि एका साध्या पानावर तो आकडा दाखवायचा. अडीच वर्षांपूर्वी तिने हे गंमत म्हणून केलं होतं, ऑफिसातून बघता यावं म्हणून पान बाहेरूनही उघडेल असं ठेवलं होतं आणि मग साफ विसरून गेली होती. आता शेजारी नवीन सेन्सर लावून पाहिला तर जुना अठ्ठावन्न दाखवत होता आणि नवा चोपन्न. तिसरा लावला, तोही चोपन्न. जुना काढून टाकला, नवा बसवला. दहा मिनिटांचं काम.

मग तिला वाटलं, हे पान ठेवायचं तरी कशाला? घरात तर कोणी बघत नाही. बंद करण्याआधी तिने सर्व्हरची नोंद उघडली. कोण कधी आलं, काय बघून गेलं, हे सगळं सर्व्हर आपणहून लिहून ठेवत असतो. त्यात नेहमीचे उपटसुंभ होतेच, जगभर फिरून दिसेल त्या दाराची कडी हलवून बघणारे. पण त्यांच्यात एक जण वेगळा होता. रोज सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना यायचा आणि दुपारी तीननंतर पुन्हा एकदा. तेवढं एकच पान बघायचा आणि निघून जायचा. रविवारी सुट्टी. गेली दोन वर्षं हे चाललं होतं.

“बंद करून टाक ते,” नवरा म्हणाला. “कोण असेल, कोण नाही.”

सोमवारी ऑफिसातली मैत्रीणही तेच म्हणाली. “ब्लॉक कर आणि मोकळी हो.”

“पण रविवारी का येत नाही? चोराला रविवारची सुट्टी कशाला लागेल?”

“तुला कामं कमी आहेत,” मैत्रीण म्हणाली.

तिने ब्लॉक केलं नाही. दोन वर्षांच्या नोंदी काढून एका तक्त्यात मांडल्या. मे महिन्यात दहा दिवस तो आलाच नव्हता. दमट दिवसांत दोनाऐवजी तीन-तीनदा आला होता. म्हणजे आकडा वाचत होता, त्या आकड्याशी त्याचं काहीतरी काम होतं. काय असेल? रंगारी? बेकरीवाला? ऑफिसला जाता-येता तिला हाच चाळा लागला. कपडे वाळत घालणारं माणूस दिसलं तरी ती वळून बघायची.

गुरुवारी संध्याकाळी नोंद उघडली आणि ती चमकली. एका दिवसात तेवीस वेळा. शुक्रवारी एकतीस. दोन वर्षं घड्याळ लावून येणारा माणूस अचानक असा सैरभैर का व्हावा?

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. बोटांच्या टोकांवर वाळलेल्या डिंकासारखा कसलातरी थर, काखेत एक वही.

“तो दमटपणाचा आकडा इथूनच येतो ना?” त्यांनी विचारलं. “गॅलरीत पांढरी डबी टांगलेली आहे असं ऐकलं होतं, ती दिसली म्हणून वर आलो.”

ती काही बोलणार तेवढ्यात आतून सासरे पेपरची घडी करत बाहेर आले. “अरे, तुम्ही? या, या. अगं, हे पलीकडच्या गल्लीतले कारागीर. व्हायोलिन, चेलो वगैरे दुरुस्त करतात. फिरायला जातो तेव्हा मी यांच्याच बाकावर बसतो.”

“बाबा, यांना आपल्या पानाचा पत्ता कोणी दिला?”

“मीच दिला की. यांचं दमटपणा मोजायचं काट्याचं यंत्र पडून बंद झालं होतं. म्हटलं, आमच्या सूनबाईंनी घरी करून ठेवलंय, बघत जा.”

“मी आठवडाभर शोधतेय हा माणूस कोण आहे ते.”

“मला कुठे विचारलंस?” सासरे म्हणाले.

खरंच होतं ते. सासरे कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार करायचे. त्यांना विचारावं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

कारागिरांनी वही उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘४ वजा’.

“सुरुवातीलाच एका ओळखीच्या कारागिराचं यंत्र आणून ताडून बघितलं होतं,” ते म्हणाले. “तुमचं चार जास्त दाखवायचं. मग मी रोज चार वजा करत गेलो. पन्नासच्या खाली आकडा आला की मोठं चिकटकाम करायचं, वर असेल तर थांबायचं. दोन वर्षं काही अडलं नाही. या सोमवारी त्रेपन्न दिसलं. चार गेले, एकोणपन्नास. चेलोची वरची फळी चिकटवली. बुधवारपासून हवा कोरडी पडली आणि गुरुवारी बघतो तर कडेचा जोड उघडलेला. दिवसभर तुमचं पान उघडून बघत बसलो. शेवटी काल ते यंत्र परत मागून आणलं. तर दोन्ही आकडे सारखे.”

सोमवारी खरे त्रेपन्नच होते. “मी दुरुस्त केलं,” ती म्हणाली. “शनिवारी. ते चुकीचं दाखवत होतं.”

“चुकीचं होतं खरं. पण रोज सारखंच चुकीचं होतं.”

“मला कळवायचंत ना आधी.”

“कोणाला कळवणार? पानावर ना नाव, ना नंबर. आणि फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला नावं काय ठेवायची?”

तिने विचारलं, “चेलो वाया गेला?”

“छे. चला, दाखवतो.”

ती तशीच चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला वाद्यांचे सांगाडे टांगलेले, एका कोपऱ्यात मंद आचेवर सरसाचं भांडं. टेबलावर चेलो आडवा ठेवलेला होता. कारागिरांनी उघडलेल्या जोडात एक पातळ सुरी घातली आणि हळूहळू पुढे सरकवली. बारीक कट्कट् आवाज करत जोड सुटत गेला. तिला बघवेना, पण नजरही हटेना.

“सरस मी मुद्दाम पातळच लावतो,” ते म्हणाले. “लाकूड आक्रसलं तर जोड सुटला पाहिजे, फळी फाटता कामा नये. जोड परत लावता येतो.”

“म्हणजे कुठे तुटायचं ते तुम्ही आधीच ठरवून ठेवता?”

“ठरवावंच लागतं. नाहीतर लाकूड ठरवतं.”

तिने सरस किती पातळ, कसं कळतं, चाळीस वर्षांपूर्वीचा जोड ओळखता येतो का, असे प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं. त्यांनीही कंटाळा केला नाही. मधेच सुरी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “दिवसभर ऑफिसात हेच काम, घरी आल्यावर परत तेच. वीट नाही येत?”

“ऑफिसात माझं काम कोणापर्यंत पोचतं ते मला कधी कळलंच नाही,” ती म्हणाली. “दार वाजवून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच.”

“तक्रार नव्हे हो.”

“तक्रारच म्हणा. बरं वाटतंय.”

जुना सेन्सर परत लावून देते, असं ती म्हणाली तर त्यांनी नको म्हटलं. खरा आकडाच बरा, फक्त बदलाल तेव्हा आधी सांगा. घरी येऊन तिने पानाच्या खाली दोन ओळी टाकल्या: सेन्सर कुठल्या तारखेला बदलला आणि काही खटकलं तर कुठल्या नंबरावर फोन करायचा.

सोमवारी ऑफिसात तिच्यापुढे एक चिठ्ठी आली. रोज पहाटे सात गोदामांना एक जुना अहवाल जायचा, तो काढून टाकायचा होता. वर्षभरात तो कोणी एकदाही उघडला नसल्याचं नोंदींत स्पष्ट होतं. अर्ध्या तासाचं काम. तिने ते केलं नाही. साहेबांकडे जाऊन सातही गोदामांचे फोन नंबर मागितले.

“कोणी उघडतच नाही, तर विचारायचं कशाला?” साहेब म्हणाले.

“का उघडत नाहीत तेच विचारायचंय. एक दिवस द्या.”

साहेबांनी खांदे उडवले आणि नंबर दिले. पाच गोदामांत असा काही अहवाल येतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. सहाव्यात ज्याच्या नावावर यायचा तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. सातव्या नंबरावर एका शीतगृहाचा सुपरवायझर भेटला, भरदार आवाजाचा.

“उघडत नाही आम्ही तो,” तो म्हणाला. “फक्त आला का ते बघतो.”

“म्हणजे?”

“आला की समजायचं, रात्रीच्या सगळ्या नोंदी नीट चढल्यात. नाही आला तर मी गाड्या भरायच्या थांबवतो. एकदा तसाच माल भरला होता, तर निम्मा भलत्याच गावाला गेला.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्याकडच्या कोणी?”

“तुमच्याकडचं कोणी कधी फोन करतं का, बाई? आपलं आपणच शोधून काढलं. असं बरंच आहे. तुमच्या त्या लाल बटणाचं तर वेगळंच प्रकरण आहे.” पलीकडे मागे कुठेतरी जड दार सरकल्याचा आवाज आला. “वेळ आहे का तुम्हाला?”

“आहे,” ती म्हणाली आणि चिठ्ठीचा छापील कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. “लाल बटणाचं सांगा.”