आपलं गाव आणि हॅगर्टीबाईंचं भांडं

मुलांनो, आपल्या गावात भांड्यात घालून जे दिलं जातं, ते सगळंच्या सगळं जातं. चकली दिली तर चकली जाते, सोऱ्या जातो, भाजणीचं प्रमाण जातं आणि आपल्याला ती करता येत होती ही आठवणसुद्धा जाते. 'चकली' हा शब्द मी आत्ता नवऱ्याला विचारून लिहिलाय. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. मला तर ती डासांची कॉइल वाटली.

वाचनालयातल्या मिस डोलोरेस म्हणाल्या, नव्यानं राहायला आलेल्या मुलांसाठी आपापल्या भाषेत गावाची ओळख लिहून द्या, दोन पानं, हसरी. बरं. लिहिते. मी सुहासिनी टेंबे. मूळची मिरजेची, असं माझ्या पासपोर्टवर आहे. नवरा विनायक. जुई माझी मुलगी आहे, वय वर्षं आठ, हे आधीच लिहून ठेवते. त्याबद्दल गावात कोणाला विचारू नका.

गावाचं नाव सीडर ब्रूक. सीडरची झाडं तोडून त्यांच्या जागी घरं बांधली आणि ओढा पाइपातून खाली नेला, म्हणून नाव तेवढं वर राहिलं. एक मोठा रस्ता, एक शाळा, तीन चर्च, आणि पाण्याची उंच टाकी, तिच्यावर गावाचं नाव, म्हणजे हरवलात तर वर बघायचं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बारा वाजता वादळाचा भोंगा वाजतो. वादळ नसतं, भोंगा चालतोय का ते बघतात. गवत चार बोटांहून उंच वाढलं तर घरी चिठ्ठी येते. मुलं मोठ्यानं ओरडली तर चिठ्ठी येत नाही, आजूबाजूच्या खिडक्या तेवढ्या बंद होतात. लोक फार चांगले आहेत. चौदा वर्षांत मला एकदाही कोणी वाकडं बोललं नाही, आणि तसं म्हटलं तर सरळही बोललं नाही.

आमच्या शेजारी हॅगर्टी राहतात. मधे कुंपण नाही, नुसतं गवत, चाळीस पावलांचं. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात हॅगर्टीबाई काचेचं एक चौकोनी, झाकणाचं भांडं घेऊन आल्या. आत सफरचंदाचा केक. भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांचं आडनाव.

"भांड्याची घाई नाही," त्या म्हणाल्या.

केक संपला. भांडं धुतलं, पुसलं. आता भरलेलं आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, एवढं तरी आपल्याला कळतं. तुमच्या आयांनाही विचारा. काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामं देऊ नये. दिवाळी नुकतीच झाली होती. मी भांडं चकल्यांनी काठोकाठ भरलं आणि नेऊन दिलं.

"ओ, असं करायला नको होतं तुम्ही," हॅगर्टीबाई म्हणाल्या.

मुलांनो, त्या खरंच सांगत होत्या. मला काय ठाऊक? आपल्याकडे 'अहो कशाला उगाच' म्हणणारा माणूस तेव्हाच हात पुढे करत असतो. मी हसले आणि भांडं त्यांच्या हातात कोंबलं. कर्म माझं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ओट्याखालचा सोऱ्या नव्हता, आणि तो नाही हे मला कळलंही नाही. विनायकनं सांगितलं. शेजारी हॅगर्टीकाका व्हरांड्यात बसून कुडुमकुडुम खात होते आणि हॅगर्टीबाई रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईला सांगत होत्या, "माझ्या आजीची पद्धत आहे. भाजणी मंद आचेवर भाजावी लागते." त्यांचा उच्चार अगदी स्वच्छ होता.

केकबरोबर मला काय आलं? त्यांची खरी आजी. मिनेसोटाची, हातमोजे घालून मारणारी. आणि गोठलेल्या तळ्यात बुडालेला एक तपकिरी कुत्रा. मी तीन दिवस त्या कुत्र्यासाठी रडले.

"आपल्याकडे कुत्रा कधी होता?" विनायक म्हणाला.

"एकोणीसशे अठ्ठावन्न साली."

"तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस गं."

मी हॅगर्टीबाईंकडे गेले आणि त्यांची आजी परत घ्या म्हणाले. "नको नको, राहू दे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मला ती कधी आवडलीच नाही." हे लोक देतात ना, ते नको असलेलं देतात. आम्ही मूर्ख, डब्यातलं सगळ्यात चांगलं वर काढून देतो.

भांडं पुन्हा आलं, माशांचं आणि शेवयांचं काहीतरी घालून. त्याच्याबरोबर चर्चच्या तळघरातलं एक भांडण आलं, पडद्यांच्या रंगावरून, अकरा वर्षं चाललेलं. ते मी आजही भांडते. परतीला मी दिले ते पोहे, असं विनायक सांगतो. पोहे आमच्याकडे रविवारी सकाळी व्हायचे, म्हणून रविवारची सकाळही गेली. तेव्हापासून आमच्या घरात शनिवारी रात्री झोपलं की रविवारी दुपारी दीड वाजता जाग येते. हॅगर्टींकडे रविवारी दोन सकाळी असतात. मोहरी तडतडल्याचा वास गवतावरून येतो, आणि त्या एवढ्या चांगल्या की खिडकी उघडी ठेवतात.

तिसऱ्यांदा मी पुरणपोळी दिली. एवढ्यावर तरी शहाणं व्हायला हवं होतं ना? पण भांडं ओट्यावर रिकामं पडलेलं बघवत नव्हतं हो. रात्रभर पुरण वाटलं, हेही त्याच्याकडूनच कळलं. पुरणपोळीबरोबर मिरजेचं स्वयंपाकघर गेलं आणि त्यात उभी असलेली माझी आई गेली. मिरजेला एक बाई राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्या दर शनिवारी हॅगर्टीबाईंना फोन करतात. फोन स्पीकरवर असतो, मी कपडे वाळत घालत असते तेव्हा ऐकू येतं.

"थंडी पडली असेल गं तिकडे. कान बांधतेस ना?"

"बांधते आई," हॅगर्टीबाई म्हणतात.

विनायक म्हणतो, ती तुझी आई आहे. असेल. त्याला माझ्याशी खोटं बोलायचं काही कारण नाही. पण ते ऐकताना मला काहीच वाटत नाही, आणि वाटत नाही याचाच राग येतो, असा की हातातली उशीची खोळ मी दातांनी फाडली होती.

मग मात्र मी घर तपासलं. मसाल्याचा डबा गेला होता. देव्हारा होता, पण त्यात कोण बसायचं ते आठवत नव्हतं. साखरही मागच्याच खेपेला दिली होती, आणि तेव्हापासून घरातलं काहीच गोड लागत नव्हतं. राहिली होती जुई. मी विनायकला म्हटलं, आता बास, आता या भांड्यात काही जाणार नाही.

"मग दे ना रिकामं," तो म्हणाला. "एवढं काय त्यात? धू आणि दे."

मी धुतलं आणि निघाले. गवत त्या दिवशी सत्तर पावलांचं होतं. दारापर्यंत गेले, बेल वाजवली, त्यांनी हात पुढे केला. पण माझे हात भांडं सोडेनात. रिकामं देऊ नये हे मला कोणी शिकवलं, ते आठवत नव्हतं. शिकवणारी तर गेली. हातांना मात्र पाठ होतं. मी परत आले. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बिस्किटांचा पुडा आत ठेवून नेला.

"ही आमच्याकडेही मिळतात," हॅगर्टीबाई म्हणाल्या. पुडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि भांडंही दिलं. "काही घाई नाही, स्वीटी."

घाई नव्हती, पण भांडं ज्याच्या घरी असतं त्याच्याकडे लोक बघतात. टपाल टाकणाऱ्यानं विचारलं. शाळेच्या बसच्या चालकानं मान हलवली. नगरपालिकेची चिठ्ठी आली, गवताची नव्हती, नुसतं लिहिलं होतं, 'आपल्या लक्षात आहेच.' भांडं ओट्यावर होतं आणि घर त्याच्याकडे उतरतं झालं होतं. वाटी ठेवली की घसरत त्याच्याकडे जायची, चेंडू जायचा. एकदा जुई जमिनीवर बसून चित्र काढत होती, ती बसल्या बसल्या हातभर सरकली. मी धावत जाऊन तिला उचललं.

"आई, मी देऊन येऊ?" जुई म्हणाली. "मला येतं रिकामं द्यायला. शाळेत आम्ही डबे रिकामेच परत देतो."

मुलांनो, मला हायसं वाटलं, लिहायला लाज वाटते, पण वाटलं. ही इथे जन्मलेली. हिच्या हातांना काही पाठ नाही. एवढ्यासाठी मी तिच्यावर किती चिडत होते, जेवताना, बोलताना, पाया पडायला सांगताना, आणि आता तेच कामाला येणार होतं. मी तिची वेणी घातली. तिच्या खिशातलं सगळं काढून घेतलं, एक खडू, एक खोडरबर, बसचा पास. केसांतली पिनसुद्धा काढली.

"आत काही घालायचं नाही. कळलं? काही म्हणजे काही नाही."

"हो गं आई."

"द्यायचं, थँक्यू म्हणायचं आणि पळत यायचं."

"किती वेळा सांगतेस?"

ती निघाली. मी खिडकीत उभी राहिले. गवत लांबत होतं, पण ती भरभर चालत होती, भांडं पोटाशी धरून. तिनं बेल वाजवली. हॅगर्टीबाईंनी दार उघडलं, वाकल्या, काहीतरी चांगलंच बोलल्या असणार. जुईनं भांडं पुढे केलं. आणि मग मागे घेतलं.

ती भांड्यात बघत होती. एक खांदा वर, एक खाली. मी दारात अवघडून उभी राहते तेव्हा अशीच उभी राहते, हे विनायक मला नेहमी सांगतो. माझीच पोर ती. मी काचेवर हात आपटले, "दे गं! तसंच दे!" म्हणून ओरडले. आजूबाजूच्या खिडक्या बंद झाल्या. जुईनं रिकामे खिसे चाचपले. मग तिनं झाकण उचललं, तोंड भांड्याशी नेलं आणि आत एकच शब्द बोलली. ऐकू कुठलं येतंय? पण तिचं तोंड आधी मोठं उघडलं आणि मग ओठ दोन्हीकडे ताणले गेले. मला एवढं पुरलं. तिनं झाकण घट्ट लावलं आणि भांडं दिलं.

हॅगर्टीबाई काय म्हणाल्या तेही मला ओठांवरून कळलं. असं करायला नको होतं तू, म्हणाल्या. आणि तिला आत घेतलं.

मी धावले. किती वेळ धावले सांगता येत नाही, गवत संपत नव्हतं, आणि वळून पाहिलं तर मी माझ्याच पायऱ्यांवर होते. विनायक आतून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "आपली पोर गेली." तो चष्मा पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "अगं, ही बघ की, दारातच आहे."

दारात जुई होती. मीच घातलेली वेणी. हातात भांडं, वर चांदीचा कागद, आतून वाफ.

"हॅलो, मिसेस टेंबे. मॉमनं हे पाठवलंय."

"जुई, आत ये बाळा."

"नको. मला ओळख नसलेल्यांच्या घरात जायची परवानगी नाही."

मी भांडं घेतलं. मॅकरोनी आणि चीज होतं. त्याच्याबरोबर वरच्या मजल्यावर एक खोली आली, पिवळे पडदे, लहान पलंग, चादरीला एक सुरकुती नाही, तीस वर्षांत तिथे कोणी झोपलेलंच नाही. आणि त्या तीस वर्षांचं जे काही होतं ते माझ्या छातीत येऊन बसलं. मी खाली वाकून तिचं तोंड बघितलं. ती चांगलं हसली, गावात सगळे हसतात तसं.

"मॉम म्हणाली, या वेळी भांडं लगेच हवंय."

मी स्वयंपाकघरात गेले. मॅकरोनी ताटलीत काढली, भांडं धुतलं, पुसलं, आणि एकेक खण उघडायला लागले, वरचे, खालचे, ओट्याखालचे, सगळे. दारात ती पायपुसण्यावर उभी होती. वर्षाची असताना उचलून घे म्हणायची तसे दोन्ही हात तिनं पुढे केले होते, भांड्यासाठी.