एक तृतीयांश

नीला दामल्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे मुलुंडच्या त्यांच्या कॉलेजात शिपायापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बीजगणित झकास शिकवायच्या, पण बाईंना 'परत एकदा बघा' म्हणायची सोय नव्हती. निवृत्तीनंतर हौसेने लॅपटॉप शिकल्या, गणिताचं फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर स्वतः चालवू लागल्या. आणि एका दुपारी, सहज म्हणून, आपलं जुनं मॅट्रिक्स त्यात भरायला बसल्या.

ते मॅट्रिक्स म्हणजे बाईंची दुखरी जागा. आकड्यांची सहा ओळींची चौकट. त्या घडणीच्या कुठल्याही चौकटीत शेवटची ओळ वरच्या पाचांतूनच तयार होते, असं त्यांनी हाताने सिद्ध केलं होतं. उभ्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच! लेख पाठवलाही होता. तेव्हा पवईला संशोधन करणारा त्यांचा लाडका विद्यार्थी मिहिर, त्याने कौतुकाने हेच उदाहरण कॉम्प्युटरला घातलं. स्वतंत्र, म्हणजे इतरांतून न बनणाऱ्या, ओळी पाच यायला हव्या होत्या, आल्या सहा. मिहिर बिचारा म्हणाला, मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल, सिद्धता द्या, नीट वाचतो. पण बाईंचं डोकं फिरलं. विद्यार्थ्यासमोर तोंडघशी पडल्या ना! त्याच संध्याकाळी लेख मागे घेतला आणि पुन्हा संशोधनाचं नाव काढलं नाही.

आज उत्तर आलं पाच.

बाईंनी सगळे आकडे पुसून पुन्हा भरले. पाचच. मग एकदम त्यांना आठवलं. मिहिरला अपूर्णांकांचा कंटाळा, एक तृतीयांश दिसला की हा दशांश चिन्ह देऊन चार वेळा तीन लिहून मोकळा. त्यांनी चौकटीतले एक तृतीयांश तसे भरून पाहिले. सहा! तेवढ्या जराशा कमतरतेने शेवटची ओळ बाकीच्यांशी जुळेनाशी झाली होती. 'काय टाइप केलंस रे?' एवढं विचारायला काय झालं होतं मेलं? बाई स्वतःवरच चरफडत राहिल्या.

मिहिर आता मालाडच्या एका कॉलेजात शिकवतो. फोन केल्यावर रविवारी आला. दोन्ही उत्तरं बघून त्याचा चेहरा उतरला. चूक माझी, म्हणाला.

"तू सिद्धता मागितली होतीस," बाई म्हणाल्या. "मीच दिली नाही." आणि ते कागद त्यांनी इतक्या वर्षांनी त्याच्या पुढ्यात ठेवले. आता पुन्हा पाठवू या, दोघांच्या नावाने, असंही म्हणाल्या.

मिहिर वाचता वाचता थांबला.

"मॅडम, हे नंतर छापून आलंय. परदेशातल्या दोघांचं. विधान वेगळ्या शब्दांत आहे, म्हणून मला ओळखता आलं नाही. मी दर वर्षी एम.एस्सी.ला शिकवतो."

ओरडावंसं वाटलं बाईंना, पण कुणावर ओरडणार? त्यांनी एक कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. शिकवताना सिद्धता कशी मांडतोस ते दाखव, म्हणाल्या. तो खालमानेने लिहीत गेला. वाट तीच होती, बाईंचीच, वळणावळणासकट. एका जागी तो अडला, तेव्हा पुढची पायरी बाईंनी सवयीने सांगितली.

लिहून झाल्यावर त्याने कागद त्यांच्यापुढे केला. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.